गाळलेलं कडवं

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या भावाला, शांतवनला, तोंडावर सांगितलं, "घशातली गाठ काढली तर आवाज जाईल. नाही काढली तर तुम्ही जाल." ह्यो पठ्ठ्या उठला, चपला घातल्या आनि एस्टीत जाऊन बसला. घोडेगावला उतरल्यावर म्हनला, "आक्का, मी कापून घेनार न्हाई. आवाजासकट आलो, आवाजासकट जाईन."

"जा की! कृपाच्या लग्नात बाप म्हनून कोन उभा राहनार, तुजा आवाज?" मी म्हनले. माजी जीभ अशीच हाय. आई म्हनायची, एस्तेरला देव गळा द्यायचा इसरला आनि ती कसर जिभेत भरून काढली.

गळा सगळा ह्याच्याकडं गेला. आमच्या येशूच्या देवळात दर रविवारी ढोलकीवर भजन हुतं. शांतवन ओळ टाकनार, मंडळी झेलनार. पोरसवदा हुता तवापास्नं हेच. मानूस तसा लई मानी. जल्मात कुनाकडं पान्याचा तांब्या मागितला न्हाई, सोता उठून घेनार. त्यात आता गानंच जानार म्हनल्यावर त्याला जगनंच नको झालं. मला रडू यायचं, पन त्याच्याम्होरं मी नुसती वसवसायची.

गानं त्याला कुनी शिकवलं न्हाई. मी दहावीत, ह्यो आठवीत, तवा घोडेगावच्या बाजारात आमच्या बापानं, दादांनी, शेळी इकली आनि येताना एक कॅसेट आनली. 'घागर' नावाची, एका भजन मंडळीची. पहिल्याच दिशी दुसरं गानं चालू असताना टेपनं फीत खाल्ली. दादांनी चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. मग काय, शेळ्यांमागं तीच कॅसेट, जेवताना तीच. मी तोंड उघडलं की म्हनायचा, "आक्के, गप, शेळ्या बिचकतात." म्हनून मी मनातल्या मनात गायची. सगळी गानी मलाबी पाठ हायती.

ते दुसरं गानं बायबलातल्या शोमरोनी बाईचं. चिकटपट्टीच्या जागी एक कडवं गेलं, म्हनून आमच्या गान्यात बाई घागर घेऊन विहिरीवर येती आनि लगेच घागर टाकून गावाकडं पळती. शांतवननं मंडळीला तसंच शिकवलं, मंडळी आजपातूर तसंच गाती. बायडाबाई म्हातारी दर येळी म्हनायची, "अगं, पानी न भरता पळतीच कशी ही बया?" देवळाचे पाळकसायेब म्हनायचे, मधली गोष्ट शास्त्रात हाय की. असंल शास्त्रात, पन आमच्या गान्यात नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर शांतवन ओट्यावर बसून राहिला. बापाला बरं वाटावं म्हनून कृपानं मोबाईलवर ती कॅसेट धुंडली. घावली! कुनीतरी अख्खी चढवून ठेवली हुती. ऐकता ऐकता ह्याचा चेहरा निवळला. दुसरं गानं लागलं. बाई विहिरीवर आली. पळायच्या ओळीसाठी शांतवननं मांडीवर थाप मारली, पन गानं तिथं न्हाईच वळलं.

*थांबला वाटसरू, घसा त्याचा सुकला,*
*देणारा जगाचा, आज मागाया झुकला,*
*दे गं बाई पाणी…*

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पुन्ना लाव," शांतवन कृपाला म्हनला. पुन्ना ऐकून तो ढसाढसा रडला. "आक्का, येवढी वर्सं मी ह्येच गाळून गात हुतो व्हय गं? येशूनंबी मागितलं हुतं."

"मागितलं की! देवाला लाज वाटली न्हाई आनि तुला वाटती? तू गायचास, मंडळी झेलायची. आता मंडळी गाईल, तू झेल."

त्यानं डोळे पुसले. मग म्हनला, "ते कडवं तू म्हनशील?"

"मी? शेळ्या बिचकतील रं."

"बिचकू दे. तू म्हनशील तर कापून घेतो."

मी व्हय म्हनले. दुसरं काय म्हननार हुते?

ऑपरेशन झालं. घाव भरल्यावर तो देवळात आला, गळ्याला श्वासासाठी पाडलेल्या भोकावर रुमाल बांधून, आनि ढोलकी पुढ्यात घेतली. ओळ टाकायला कृपा हुती. बाई विहिरीवर आली तशी मंडळी सवयीनं पळायच्या ओळीवर गेली. शांतवननं थाप मारून ढोलकी बंद केली. तो माज्याकडं बघत हुता.

मी उठले. "थांबला वाटसरू, घसा त्याचा सुकला…" आवाज फाटला, चिरकला, पन थांबले न्हाई. कुनी हसलं न्हाई. पडलेली ओळ झेलायची मंडळीची सवयच हाय, पहिली झेलली बायडाबाईनं. मग सगळ्यांनी. शांतवनचे ओठ हलत हुते, रुमालाखालून नुसता वारा येत हुता. ढोलकी मात्र एकदाबी चुकली न्हाई.

भजन संपलं. पान्याचा माठ त्याच्या बाजूलाच हुता, हात लांब केला असता तर घावला असता. त्यानं माज्याकडं बघितलं आनि ओंजळ पुढं केली.

मी तांब्या भरून दिला.