छोटा डबा

माझा स्वभावच संशयी. धुलाईच्या कारखान्यात आम्ही सहाजणी इस्त्री करतो. कपड्यांचे गठ्ठे वाढले की जेवायला सवड नसते, मग तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवायची आणि भूक मारायची. त्याला आम्ही हसून ‘छोटा डबा’ म्हणतो. हल्ली माझी डबी लवकर संपायला लागली, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या जाडीला सरळ विचारलं, “माझ्या डबीत तुझा हात जातो का गं?”

“तुझी तंबाखू म्हणजे भुसा. मला काय वेड लागलंय?” ती म्हणाली. मी काही विश्वास ठेवला नाही.

घरी वेगळाच घोर. पोरगी चौदाची, पण अंगावर मांस म्हणून नाही. शाळेच्या नर्सबाईंनी मला बोलावून सांगितलं, रक्त फार कमी आहे, महिन्याभरात वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. डबा तर रोज रिकामा यायचा. “डबा खाल्लास?” विचारलं की “खाल्ला” म्हणायची. कुणीतरी तिच्याकडून डबा उकळतोय, हे मी धरूनच चालले. दप्तर उलटंपालटं केलं, कपडे हुंगले. खिशात चार लवंगा निघाल्या. दात दुखतो, म्हणाली. तेही मला खरं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र मी डोळे मिटून मान्य केली. रात्रीसाठी पातेल्यात मूठभर भात ठेवून जायचे आणि परतल्यावर ताटभर निघायचा. म्हटलं, हाताला बरकत आली.

मंगळवारी बॉयलर बिघडला आणि मी दुपारीच घरी आले. नुकतीच शाळेतून आलेली पोरगी चुलीपाशी उभी राहून शाळेचा डबा पातेल्यात उपडा करत होती. खालचा ओठ फुगलेला. ओट्यावर वहीच्या कागदाची पुडी.

“कुठून आणलीस?”

“तुझ्या डबीतून. तू आंघोळीला गेलीस की.”

“आणि रोज मला खोटं सांगतेस, डबा खाल्ला म्हणून?”

“खोटं कुठे? छोटा खाल्ला.” ती खाली बघत म्हणाली. “तूच सांगतेस ना, छोटा खाल्ला की मोठ्याची आठवण येत नाही. तू रात्री पातेलं खरवडून खायचीस. मला बघवेना.”

मी ओरडायला गेले, पण तोंड नीट उघडेना. माझ्याही ओठाखाली चिमूट होती.

मोरीत जाऊन थुंकले. चूळ भरली, तिलाही भरायला लावली. डबी आणि पुडी कचऱ्यात टाकली. पातेल्यातला भात दोन ताटल्यांत वाढला, तिला जास्त.

“आई, खरंच भूक नाहीये गं.”

भूक मलाही नव्हती. ती कशी मारायची, हे मीच तर तिला शिकवलं होतं. मी पहिला घास कालवला आणि तिच्या तोंडापाशी धरून बसले.