बंद पाकिटांचा गठ्ठा

रोवीना दर महिन्याला राजीनामा द्यायची. पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस तिला झोप म्हणून यायची नाही, डोकं भणभणायचं, पेस्ट्रीचं पीठ लाटता लाटता रडू फुटायचं आणि बेकरीचा मालक मर्व्ह याच्या हातात तारीख घातलेलं पाकीट पडायचं. पाळी आली की हीच खाली मान घालून सांगायची, राहू दे ते. मर्व्ह पाकीट खणात टाकायचा.

शेवटी बहिणीनं दामटून तिला इस्लाकडे धाडलं. ही मानसोपचाराची बाई दर पंधरवड्याला अ‍ॅडलेडहून यायची. तिनं मागच्या महिन्यांच्या नोंदी मागितल्या. कसल्या आल्यात नोंदी? पण मर्व्हचा खण होता की! त्यानं हसत गठ्ठा काढून दिला. अकरा पाकिटं, आणि एकही फोडलेलं नाही. रोवीनाला ते फार लागलं.

तारखा पाहिल्या तर सगळ्या पाळीच्या तोंडावरच्या. इस्लानं नियम घालून दिले. डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणात शिरायचं नाही, रोज एकाच वेळी उठायचं. डोक्यात येईल ती तक्रार लिहायची, शेजारी तिचा पुरावा, आणि पाळी गेल्यावर शांतपणे परत वाचायची.

तीन महिन्यांत बऱ्याच तक्रारी विरघळल्या. नवरा घोरतो खरा, पण मुद्दाम नाही. सासू टोमणे मारते, पण सगळ्यांनाच. एकच हटेना. मर्व्ह मनाला येईल तशी शिफ्ट बदलतो, कधी पहाटे तीनला बोलावतो, कधी सातला. चारदा सांगून झालं. तिचा पुरावा मात्र पानभर होता.

मंगळवारी तिनं मर्व्हच्या पुढ्यात पाकीट ठेवलं. त्यानं सवयीनं खण उघडला.

"शुक्रवारी म्हणशील, राहू दे ते," तो म्हणाला.

"तारीख बघ, मर्व्ह."

त्यानं पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले, दोनदा मोजले. मेल्याला तिची पाळी तिच्याहून पाठ होती.

"अजून पंधरा दिवस आहेत की गं."

"आहेत ना."

"झोप झाली नाही का रात्री?"

"साडेसात तास."

मर्व्हचा चेहरा उतरला. त्यानं पिठाचे हात एप्रनला पुसले, खुर्ची ओढून बसला आणि पाकीट फोडलं.