रॉकेलने पुसलेलं कासव

मिस्त्रींनी कासव आणलं, याचं सुनेला केवढं कौतुक! समुद्री कासवांच्या त्या दवाखान्यात टाक्या धुण्यापासून मलमपट्टीपर्यंत सगळं तीच बघायची. "आमचे सासरे," असं तिने डॉक्टरबाईंना दोनदा सांगितलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर टेकले. चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

पिणार कसा? बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. इंजिनातलं जळकं तेल काढायचं आणि धक्क्याखालच्या पाण्यात ओतून मोकळं व्हायचं, हा त्यांचा नेहमीचा परिपाठ. कुणी हटकलंच, तर म्हणायचे, "अहो, समुद्र आहे तो, तुमच्या घरची बादली नाही!" की सगळे खो खो हसायचे. आज सकाळी त्याच धक्क्याखाली खडकांत हे कासव अडकलेलं दिसलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळं कुळकुळीत. तेल कुणाचं हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. आदल्या दिवशीच त्यांनी दोन डबे ओतले होते.

आता उचलून सरळ दवाखान्यात न्यावं की नाही? पण छे! सून काय म्हणेल, ही धास्ती! आणि मग त्यांनी जे केलं ते एखादा मिस्त्रीच करू जाणे. पिस्टन साफ करतात तशी चिंधी रॉकेलात बुचकळून अख्खं कासव पुसून काढलं. पाठ, मान, तोंडसुद्धा. रॉकेलच्या वासाची काळजी नव्हती, तो त्यांच्या कपड्यांना रोजच यायचा. पाठ चकचकीत झाली, मानेच्या वळ्यांत तेवढं काळं तेल उरलं. कासवाने डोळे घट्ट मिटून घेतले, तर बिचारं दमलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या कासवाची पापणी हळूच उचलली आणि त्यांचा आवाजच बदलला. "डोळे भाजलेत याचे. नुसत्या तेलाने असं होत नाही. कुणी काही लावलंय का? पोटात गेलं असेल तर उपचार वेगळे करावे लागतील, आणि वेळ नाहीये."

"बाबा कशाला काय लावतील?" सून फाडकन म्हणाली. "घरी रोज कानीकपाळी ओरडते मी, तेलातलं कासव पुसायचं नाही, आहे तसं आणायचं. हो ना, बाबा?"

मिस्त्रींची मान हलली. हो म्हणूनच हलली, मेली! डॉक्टरबाई औषधांच्या कपाटाकडे वळल्या. तेवढ्यात कासवाने तोंड उघडलं आणि घरघरत श्वास ओढला. मिस्त्रींना राहवेना.

"रॉकेल," ते म्हणाले. "मीच पुसलं. तोंडही. तास झाला असेल."

डॉक्टरबाईंनी सलाईनची बाटली उचलली आणि डोळे धुवायला घेतले. सुनेचा चेहरा उतरला, पण ती लगेच सावरली. "जाऊ द्या, बाबा. तुम्ही चांगल्या मनानेच केलंत. ज्या मेल्याने तेल ओतलं ना, त्यालाच आधी त्यात बुचकळायला हवं."

घ्या! सुटका आयती दाराशी आली होती. मान खाली घालून घरी जायचं, की झालं. पण ती आपली बाजू घेतेय, हे ऐकून मिस्त्रींना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. उभ्या आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"तो मेलाही मीच," ते म्हणाले. "आणि चांगल्या मनाने नाही पुसलं. तुला कळू नये म्हणून पुसलं."

सुनेने वर पाहिलंच नाही. कासवाची मान एका हाताने सावरत ती दुसऱ्या हाताने कापूस फिरवत राहिली. मिस्त्री उठले, टेबलापाशी गेले. "मी धरतो मान," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

हात जवळ येताच मिटल्या डोळ्यांच्या त्या जिवाने मान फिरवली आणि टेबलावर वल्ह्यासारखे पाय आपटायला सुरुवात केली.

"तुम्ही नका धरू," सून म्हणाली. "त्याला तुमच्या हाताचा वास कळतोय. बाहेर बसा."

मिस्त्री बाहेर जाऊन बसले.