बाजूला हो, रूपसिंग!

मारोतराव गुरुजींच्या फोटोंत एक तरी माणूस शोधून दाखवा, अन् मग बोला! दर दसऱ्याला दिग्रसातल्या सगळ्या मोटारी धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून कापसाच्या जिनाच्या आवारात पूजेला लागायच्या, आणि गुरुजी आपला डबा कॅमेरा पोटाशी धरून त्यांच्यापुढं वाकायचे. रिळात फोटो आठच. त्यातला पहिला ठरलेला, जिनवाल्या सेठजींच्या काळ्या, जुन्या डॉजचा. त्या गाडीवर गुरुजींचा बायकोपेक्षा जास्त जीव होता. भागीरथाबाई तसं चारचौघांत बोलूनही दाखवायच्या.

डॉजचा ड्रायव्हर रूपसिंग, जवळच्या तांड्यावरचा. पहाटेपासून तो गाडी घासायचा, मग धुतलेला खाकी सदरा अंगात घालून ऐटीत तिच्या दाराशी उभा राहायचा. गुरुजी दरसाल खेकसायचे, "बाजूला हो, रूपसिंग! माणसं काय, कुठंही दिसतात. गाडी पाहू दे!"

रूपसिंग हसून बाजूला व्हायचा. छप्पन सालापासून चौसष्टपर्यंत नऊ दसरे हेच चाललं.

चौसष्टच्या दिवाळीनंतर सेठजी वारले. मुलांनी जिन विकलं, डॉज भंगारात काढली आणि परगावी निघून गेले. नोकरीची चिठ्ठी मागायला रूपसिंगनं गुरुजींकडून त्यांना तीन पत्रं लिहवून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात एक दिवस तो गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसला. यवतमाळला एका सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर पाहिजे होता. लायसन होतं, हात साफ होता. पण पाच वर्षं गाडी चालवल्याचा पुरावा आण, असं तिथले साहेब म्हणाले होते. सेठची चिठ्ठी नसेल तर दुसरं काही दाखव, सोमवारपर्यंत थांबतो.

"वावर नाही मले, गुरुजी," रूपसिंग म्हणाला. "हे गेलं तं झरीच्या जंगलात लाकडं तोडाले जा लागते. पन्नाशी आली. कुऱ्हाड झेपते का आता?"

गुरुजी ताडकन उठले. "अरे, कायले घाबरून राह्यला? नऊ वर्षांचे फोटो आहेत माह्याजवळ! मागं तारीख टाकलेले! साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटू!"

"खरंच?" रूपसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरंच म्हणजे? मारोतरावची जबान आहे ही!"

बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. गुरुजींनी सतरंजीवर एकेक फोटो मांडला. छप्पन, सत्तावन, अठ्ठावन. कुठं चाकाखालचं लिंबू दिसे, कुठं दिव्यांवरचा हार. चौथ्या फोटोला गुरुजी खाली वाकून कडा पाहायला लागले. रूपसिंग कुठंच नव्हता. असेल कसा? त्याला हाकलणारे तर हेच. गुरुजींना स्वतःची अशी लाज वाटली की वर मान करवेना.

फक्त एकसष्टच्या फोटोत, अगदी कडेला, मडगार्डवर टेकलेला एक पंजा होता, ओला फडका धरलेला. मनगटाशी फोटो संपला होता.

"मीच हाओ हा," रूपसिंग पुटपुटला. "करंगळी पाहा ना, वाकडी."

सोमवारी गुरुजी स्वतः त्याच्यासंगं यवतमाळला गेले. साहेब माणूस भला होता. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"गाडी सुंदर आहे, गुरुजी. पण हा हात कोणाचा म्हणून लिहू?"

"याचाच! मी सांगतो ना! हवं तर लिहून देतो!"

"अहो, तुम्ही त्याचे गाववाले. गाववाले तर सगळ्यांसाठीच लिहून देतात," साहेब म्हणाले, आणि जागा दुसऱ्याला गेली.

दोघं मोटारीनं परतले. दिग्रसला उतरल्यावर रूपसिंग म्हणाला, "गुरुजी, एक फोटो देता? गाडीचा. पोरीले दाखवीन, तिचा बाप काय चालवत होता ते."

गुरुजींनी एकसष्टचा फोटो पुढं केला.

"हा नोका देऊ. यात माहा हात मधात आला. साफवाला द्या."

गुरुजींनी बासष्टचा दिला. रूपसिंगनं तो सदऱ्याच्या खिशात नीट ठेवला. आठ दिवसांनी तो झरीकडं गेला.

दसरा आला. आवारात मोटारी लागल्या. गुरुजी कॅमेरा घेऊन आले खरे, पण या खेपेला त्यांचं लक्ष गाड्यांकडं नव्हतंच. प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या गाडीपाशी उभं करून फोटो काढायचा, नाव विचारून मागं लिहायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ड्रायव्हर आपापल्या दाराशी उभेच होते. गुरुजींनी कॅमेरा पोटाशी धरला, तसे सगळे न सांगताच बाजूला झाले.

"अरे, थांबा! उभे राहा तिथंच!" गुरुजी ओरडले.

गुरुजींना आज मस्करी सुचली म्हणून ड्रायव्हर मनापासून हसले, आणि आणखी दोन पावलं मागं सरले.