लढवय्याची पंधरा भिंगं

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” अंधाऱ्या खोलीच्या दारात उभं राहून भिंगोबाने जाहीर केलं, “आणि बसलाच, तर मी आजपासून काचा घासायचं सोडून देतो!”

“बसवा, बसवा,” साडू म्हणाला. “आमचा विश्वास रविवारी रिकामाच असतो.”

हा भिंगोबा म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला बसून तीस वर्षं काचा घासणारा गृहस्थ. नाव साडूनेच ठेवलेलं, आणि साडूने ठेवलं म्हणून ते लगेच सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. दुकानाच्या पुढच्या बाजूला भिंगोबाची बायको लोकांचे डोळे तपासायची. दोघांच्या मधे ती अंधारी खोली. आत पेशंटची उंच खुर्ची, समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता आणि आतून कडी लागणारं दार. भिंगोबाचा सगळा जळफळाट त्या दारावर होता. गेले आठ महिने दर रविवारी दुपारी ते दार लागायचं, आणि आत कोण? तर बायको आणि साडू.

भलतंसलतं काही मनात आणू नका. आत चालायचा तो खेळ.

झालं असं, की एका गिऱ्हाइकाने डोळे तपासून घेतले, चष्मा नको म्हणाला, आणि जाताना खुर्चीखाली एक जडशीळ खोका विसरला. वर्षभर वाट पाहिली, बाबा फिरकलाच नाही. शेवटी बायकोने खोका उघडला. आत एक जाडजूड पुस्तक, थोडे कोरे कागद आणि वीस तोंडांचा एक फासा. पुस्तकाचा तिने दोन आठवड्यांत फडशा पाडला आणि धाकट्या बहिणीला नवऱ्यासकट रविवारचं आवतण धाडलं. खेळ सोपा होता. किल्ले, भुयारं, राक्षस हे सगळं ती सांगणार. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं होणार. आपण काय करतो ते ज्याचं त्याने बोलायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

पण त्याआधी प्रत्येकाने आपला पेशा निवडायचा होता, आणि भिंगोबाच्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली.

“थोरले जावई आधी,” धाकटी म्हणाली. कधी नव्हे तो मान मिळाला, म्हणून भिंगोबाने घाईघाईने पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र धरलं. नखशिखांत लोखंडी चिलखत, हातात परशू, मांडीएवढे दंड. आयुष्यभर दोन बोटांत काच धरलेल्या माणसाला ते आवडणारच. शिवाय लढवय्याला जीव पंधरा! वैद्याला नऊ. हेराला तर अवघे सहा.

“मग मी आपला हेर होतो,” साडू पडेल चेहऱ्याने म्हणाला. “उरलंसुरलं आम्हाला.” साडू विमा विकायचा. त्याचा पडेल चेहरा पाहून लोक सह्या करायचे.

धाकटी वैद्य झाली. ती शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला आठशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे, आणि एखाद्यावर अकराऐवजी दहा बटणं असली तर ती मान वर न करता तो बाजूला फेकायची.

खोक्यात जीव मोजायला सोंगट्या नव्हत्या. भिंगोबाने मागून चरे पडलेली, कड उडालेली भिंगं आणून दिली. एक भिंग म्हणजे एक जीव. प्रत्येकाचे जीव चष्मा ठेवायच्या मखमली थैलीत. घाव बसला की एक भिंग टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकायचं. वैद्याने पट्टी बांधली की ते बरणीतून परत. बरणी अर्थातच धाकटीपाशी.

पहिल्याच रविवारी सगळे किल्ल्याशी पोहोचले. “वेशीवर पहारा आहे,” बायको म्हणाली. “चिलखतवाला गेला तर खणखणाट होईल. हेर मात्र एकटा आत शिरू शकतो.” आणि हेराने एकट्याने जे पाहिलं ते बाकीच्यांच्या कानी पडायला नको, असं पुस्तकात लिहिलेलं. म्हणून बायको उठली, साडू उठला, अंधाऱ्या खोलीची कडी लागली.

वीस मिनिटं. बाहेर भिंगोबा आणि धाकटी चहा पीत बसले. आतून मधूनच साडूचं खिदळणं, मग बायकोचं. भिंगोबाच्या हातातला चहा गार झाला आणि बाकीचा भिंगोबा तापला.

मग दार उघडलं, आणि साडू बाहेर येऊन काय सांगायला लागला म्हणता! किल्ल्यात म्हणे एक राणी होती, ती डोळे उघडे ठेवून झोपायची, त्यामुळे जागी कधी असते ते राजालाही ठाऊक नव्हतं. तिजोरीची किल्ली एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या जिभेखाली. साडूने त्या कुत्र्याला जांभई येईपर्यंत त्याच्यासमोर जांभया दिल्या. “किल्ली काढली, आलो. अंगावर ओरखडा नाही!” असं म्हणून त्याने थैली हवेत उडवून झेलली.

आणि बायको? बायको हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. डोळे असे चमकत होते, जणू ती हे सगळं पहिल्यांदाच ऐकतेय. भिंगोबाकडे तिने असं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोनदा पाहिलं होतं. दोन्ही तारखा त्याच्या लक्षात होत्या.

तिथून पुढे गोष्ट जी हेराच्या मागे लागली ती लागलीच. चोरवाटा निघाल्या हेरासाठी, खलिते निघाले हेरासाठी. लढवय्यासाठी निघाली ती दारं. “अहो, दार बंद आहे,” बायको म्हणायची, आणि भिंगोबा म्हणायचा, “तोडतो.” आठ महिन्यांत त्याने एक्केचाळीस दारं तोडली. त्यातल्या प्रत्येक दारातून आधी आत गेला तो साडू.

हे सासुरवाडीलाही असंच चालायचं. भिंगोबा पंखा दुरुस्त करून शिडीवरून उतरेपर्यंत, पंखा कसा बिघडला याची गोष्ट सांगून साडूने सासऱ्यांची शाबासकी खिशात घातलेली असायची.

“पेशा बदलून मिळेल का?” भिंगोबाने एकदा बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मेल्याशिवाय नाही.”

म्हणून भिंगोबा मरायच्या उद्योगाला लागला. आडात उडी घेतली. नऊ भिंगं गेली, सहा उरली. धाकटीने दोर सोडून वर काढला, “अगं बाई, भावजी, जरा बघून चालावं!” म्हणत सगळी परत दिली. राक्षसाच्या आईविषयी राक्षसासमोर वाईट बोलून पाहिलं. चौदा गेली. धाकटीने बाही सरसावली, आणि पुन्हा पंधरा. बाकीच्या वेळी ती बिचारी गप्प बसलेली असायची. कोणी रक्तबंबाळ झालं की तिच्या तोंडावर तेज यायचं. ती जवळ असताना मरणं हे त्या खेळातलं सगळ्यात अवघड काम होतं.

शेवटी या रविवारी, भुयाराच्या तोंडाशी, साडू सवयीने उठायला लागला तोच भिंगोबाने टेबलावर हात आपटला.

“आज मी जाणार. एकटा.”

“चिलखत घालून?” साडू म्हणाला. “भिंगोबा, तुमची चाहूल या भुयाराला नाही, पुढच्या महिन्यातल्या भुयाराला लागेल.”

“लागू दे.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. “चला,” म्हणाली.

आत भिंगोबा पेशंटच्या खुर्चीत बसला. एका हातात फासा, दुसऱ्या हातात पंधरा जिवांची थैली. बायकोने कडी लावली, स्टुलावर बसली आणि उद्याच्या पेशंटांची कार्डं ओळीने लावायला लागली.

“सांग ना,” भिंगोबा कुजबुजला. “भुयारात काय आहे?”

“खोली आहे.”

“खोलीत?”

“काही नाही. रिकामी आहे.”

“म्हणजे? साडू आला की राण्या, कुत्री, खलिते; आणि मी आलो की रिकामी?”

“त्यांच्याही वेळी रिकामीच असते.” तिने एक कार्ड उलटं होतं ते सुलटं केलं. “पहिल्या रविवारी मी चांगला मोठा वाडा रचून ठेवला होता. ते म्हणाले, ताई, राहू द्या, बाहेर जाऊन सांगायला मला वेगळंच सुचतंय. म्हटलं सांगा. तेव्हापासून ते इथे डोळे मिटून बसतात, मी कार्डं लावते. सुचलं की आपले आपणच हसतात. मग मलाही हसू येतं.”

“आठ महिने? आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही दार दिसलं की तोडायचात.”

भिंगोबा खुर्चीत खचला. बायको साडूला गोष्टी देते, असं समजून तो आजवर जळत होता. ते परवडलं असतं. देणाऱ्याकडे भांडून मागता तरी येतं. पण ते सगळं त्या विमेवाल्याच्या टाळक्यातूनच निघत होतं! आणि ही जी हनुवटीखाली हात घेत होती, ती खरंच पहिल्यांदा ऐकत होती.

“अजून पंधरा मिनिटं आहेत,” बायको हळूच म्हणाली. “बघा काही सुचतंय का. मलाही ऐकायचंय.”

त्या ‘मलाही’वर भिंगोबाने डोळे मिटले. तिने एकदा, फक्त एकदा, तसा हात हनुवटीखाली घ्यावा, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी भुयार काय, अख्खा डोंगर रचायची त्याची तयारी होती.

तर असा तो दारात उभा राहून विश्वास बसणार नाही म्हणत होता.

“भुयारात शिरलो,” त्याने खुर्ची ओढली. “थंडी अशी, की माझी सावली कुडकुडायला लागली. तिला म्हटलं, तू बाहेर थांब. ती थांबली.”

साडूच्या भुवया वर गेल्या.

“शेवटी खोली. मधोमध छताला दोराने टांगलेला पेटारा. दोर हत्तीच्या सोंडेएवढा. शस्त्र लावलं की दोर किंचाळतो आणि अख्खं सैन्य धावत येतं. आता काय करावं? छताला बोटभर भोक, त्यातून उन्हाची एक तिरीप येत होती. आणि भिंतीला बर्फ! मी परशूने बर्फाची एक चकती काढली. ढाल उताणी ठेवली, वर चिमूटभर वाळू टाकली, आणि बसलो घासायला.”

“काय?” धाकटीने विचारलं.

“भिंग! बर्फाचं भिंग. आधी जाड वाळू, मग बारीक, मग चिलखताच्या आतलं चामडं. कड पातळ, पोट फुगीर. हाताची ऊब लागली तर वितळणार, म्हणून श्वास धरून घासलं. तिरिपीत धरलं, आणि उन्हाचा ठिपका दोरावर आणला. मोहरीएवढा. दोराला किंचाळायलाही सुचलं नाही. धूर निघाला, आणि पेटारा अलगद माझ्या मांडीवर.”

भिंगोबाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बायकोचा हात हनुवटीखाली होता. डोळे चमकत होते.

इथे थांबला असता तर भिंगोबा जिंकला असता. पण साडू विमेवाला. समोरच्याला धोका कुठे वाटतो ते त्याला बरोबर कळायचं.

“वा!” तो म्हणाला. “घासकाम उत्तम. पण हे तर आमच्यासारख्या हेराचं काम झालं. लढवय्या आत गेला आणि लढलाच नाही? परशू काय बर्फ फोडायला दिला होता?”

बायकोची नजर क्षणभर साडूकडे गेली. तेवढं पुरे झालं.

“लढलो नाही?” भिंगोबा उसळला. “अहो, पेटारा घेऊन उठलो तर चिलखत खणखणलं, त्या आवाजाने सात भालाईत आले, सातही जुळे!”

“सात जुळे कसे?”

“आठवा रजेवर होता! एकेकाने एकेक भाला मारला. सातही बसले. एक इथे, एक इथे, एक तर आरपार, त्यावर मी जाताना कंदील अडकवला. मागून दोन बाण, दोन्ही पाठीत. बाहेर पडतो तर खंदकातल्या मगरीने पायाचा लचका तोडला. तरी पेटारा सोडला नाही! रक्ताची अशी धार लागली होती, की तीवरून वाट काढत मी परत आलो!” आणि साडूने दर वेळी केलं तसं त्याने थैली हवेत उडवली आणि ऐटीत झेलली. भिंगं छान भरगच्च खुळखुळली.

बायकोचा हात अजून हनुवटीखालीच होता. साडू तोंडावर हात घेऊन थैलीकडे बघत होता, पण तो काही बोलणार नव्हता; त्या खोलीत काय असतं हे बोलायची त्याची सोय नव्हती.

धाकटीने मात्र बरणी पुढे ओढली. ती रिकामी होती. मग तिने भिंगोबाच्या हातातून थैली घेतली, टेबलावर उपडी केली, आणि शर्टावरून फिरतं तसं बोट भिंगांवरून फिरवलं. एकदाच.

“सात भाले, दोन बाण, एक मगर. दहा झाले,” ती म्हणाली. “आणि भिंगं पंधराच्या पंधरा. खोटं बोलताय तुम्ही, भावजी! कुठे लागलंय, दाखवा. केव्हाची पट्ट्या काढून बसलेय मी.”