पिवळा एल्गॉन

मित्रांनो, भिंतीवर होतो तोवर मला सगळे नकाशा म्हणत. आता कपाटामागची गुंडाळी म्हणतात. जगातल्या ज्वालामुखींचा नकाशा मी. माझ्या अंगावर चौऱ्याहत्तर त्रिकोण आहेत. लाल म्हणजे जागृत, पिवळे म्हणजे निद्रिस्त आणि काळे म्हणजे मृत. त्यांतल्या एका त्रिकोणाचा रंग चुकीचा आहे. तो कसा चुकला, एवढे तुम्हाला सांगायचे आहे.

चित्रकलेच्या सरांनी मला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतच घडवले. चार बाके जोडून त्यांवर जाड कापड ताणले, खळ लावली, ती वाळल्यावर तैलरंगात निळा समुद्र रंगवला. सरांचा हात चित्रात तरबेज, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून नावे लिहायला त्यांच्या पत्नी रोज दुपारी येत. मांडीवर ॲटलास घेऊन त्या अक्षांश-रेखांश वाचत, सर त्रिकोण काढत, मग त्या बारीक ब्रशने खाली नाव घालत. इटलीत व्हेसुव्हियस, सिसिली बेटावर एटना, जावा-सुमात्रांमधल्या चिंचोळ्या समुद्रात क्राकाटोआ, हवाईवर मौना लोआ. मेक्सिकोतल्या पोपोकातेपेत्लची पाळी आली तेव्हा जागाच पुरेना.

"अहो, हा डोंगर आहे की आगगाडी?" त्या म्हणाल्या.

"मग शेवटचे डबे समुद्रात सोड," सर म्हणाले.

ते नाव आजही निम्मे पॅसिफिकमध्ये आहे. अगदी खाली, अंटार्क्टिकाच्या बर्फात, एरेबसचा लाल त्रिकोण टेकवला तेव्हा तर त्यांना हसूच आवरेना. इतक्या थंडीत हा बरा जागा राहिला, म्हणाल्या. त्यांची वर्षाची मुलगी तेव्हा बाकाखाली बसून रिकामा डबा बडवत असे. तिची बडबड अखंड चाले, म्हणून सरांनी तिचे नाव टिटवी ठेवले होते.

मग मी सातवीच्या वर्गात लागलो. भूगोलाच्या बाई लांब काठी घेऊन पॅसिफिकचे अग्निकंकण फिरवून दाखवत. चिलीहून अँडीज पर्वताने वर, कोटोपाक्सीवरून अलास्का, तिथून कामचाटका, जपान, फिलिपिन्स आणि थेट न्यूझीलंड. पोरे बोट लावून लावून शोधत, त्यामुळे फुजीपाशी जपान पुसट झाला. दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला बघायला येत. "एक चूक काढून दाखवा," सर छाती फुगवून म्हणत. मला त्यांचा अभिमान वाटे आणि माझाही. खोटे कशाला बोलू?

पाच वर्षांनी सरांच्या पत्नी आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मुलीला तेव्हा मावशीकडे ठेवले होते. सर कामावर परतले त्या दिवशी रिकाम्या वर्गात बाईंनी विचारले, "पोरीला काय सांगितलंत?"

"आई दमली होती, गाढ झोपलीय म्हटलं," सर म्हणाले. "दुसरा शब्द तोंडातून निघेचना हो."

"लहान आहे. मोठी झाली की कळेल आपोआप."

बाई मनाने फार चांगल्या होत्या, पण त्या दिवशी दोघांचेही चुकले. मी भिंतीवरून काय बोलणार?

घरी कोणी नसल्याने टिटवी आता रोज आपली सकाळची शाळा सुटली की सातवीच्या मागच्या बाकावर येऊन बसे आणि सरांचा शेवटचा तास संपायची वाट बघे. एकदा बाई तीन प्रकारचे ज्वालामुखी शिकवत होत्या, तेव्हा तिने हात वर केला.

"बाई, झोपलेला आहे की मेलेला, हे कोण ठरवतं?"

मोठी मुले फिदीफिदी हसली. बाई मात्र कौतुकाने म्हणाल्या, "शास्त्रज्ञ ठरवतात. हजारो वर्षं थांबतात. दहा हजार वर्षांत एकदाही जागा झाला नाही, काही हालचाल नाही, तर मृत म्हणतात."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत निद्रिस्तच धरायचा."

टिटवीचा चेहरा इतका उजळला, की मला भीतीच वाटली. बाईंना वाटले, पोरीला भूगोलाची गोडी लागली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती बाकावर चढली. हातात चित्रकलेच्या वर्गातली पिवळ्या रंगाची बाटली होती. तिचा हात आफ्रिकेपर्यंतच पोचत होता. तिथे दोन काळे त्रिकोण होते, माउंट केनिया आणि एल्गॉन. जीभ बाहेर काढून, मन लावून, तिने दोघांनाही पिवळे केले. पूर्वी तिच्या आईचा ब्रश जिथे टेकला होता, अगदी तिथेच.

परीक्षेत निम्म्या वर्गाने केनिया निद्रिस्त लिहिला. बाईंनी फुल्या मारल्या तसा वर्गात एकच गलका झाला. "नकाशात बघा की बाई!" बाईंनी बघितले आणि सरांना बोलावणे पाठवले. सरांनी नखाने त्रिकोण खरवडला.

"हा तैलरंग नाही. पोस्टर कलर आहे. कोणी केलं हे?"

"मी," मागून आवाज आला.

"अगं, पण ते मृत आहेत!"

"कशावरून? बाई म्हणाल्या, दहा हजार वर्षं झोपलेलाच धरायचा. मावशी म्हणते आई आता येणार नाही. मी तिला सांगितलं, ती झोपलीय, बाबांनी सांगितलंय. बाबांची चूक नसते."

बाईंनी मुलांना हळूच मैदानावर पाठवले आणि स्वतः दाराशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या. सर लेकीशेजारी बाकावर बसले.

"नकाशात नाही चुकलो, बाळा. तुला सांगताना चुकलो. आई झोपली नाहीये. आई वारली. ती आता उठणार नाही."

टिटवीने कोपऱ्यातल्या रंगसूचीकडे पाहिले.

"म्हणजे काळा?"

"हो. काळा."

ती लगेच रडली नाही. मला वाटते, तिला हे थोडेफार ठाऊक होते आणि कोणीतरी सरळ सांगावे म्हणून ती इतके दिवस विचारत फिरत होती. ती उठली, फळ्याचे फडके भिजवून आणले आणि बाकावर चढून केनियाचा पिवळा रंग पुसला. खालचा काळा वर आला. मग ते फडके तिने सरांच्या हातात दिले.

"एल्गॉन तुम्ही पुसा. आज नको, उद्या."

आणि मग मात्र बापाच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच सर आले. फडके भिजवून माझ्यासमोर उभे राहिले. दोनदा हात उचलला, दोनदा खाली घेतला. एल्गॉनच्या खाली त्यांच्या पत्नीचे वळणदार अक्षर होते. त्यावरून त्यांनी नुसते बोट फिरवले. फडक्यातले पाणी फरशीवर ठिबकत होते. लेकीला सांगताना धीर केलेला तो माणूस, एवढासा त्रिकोण पुसू शकला नाही. घंटा झाली तेव्हा फडके तसेच हातात घेऊन ते निघून गेले.

त्यानंतर दर वर्षी बाई म्हणत, "एल्गॉन मृत आहे. नकाशात पिवळा दिसतोय, तो तसाच राहू द्या." का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. पुढे बाई शाळा सोडून गेल्या, सर निवृत्त झाले, वर्गात चित्रे हलवणारा मोठा पडदा आला. मला गुंडाळून इथे ठेवले त्याला बरीच वर्षे झाली. कापडाला कसर लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी गेले आणि एखाद्या लहानग्याने विचारले, तर त्याला खरा शब्द सांगा. जवळ घेऊन सांगा, पण खरा सांगा. आणि कधी हे कपाट सरकवलेत, मला उलगडलेत, तर खुशाल झटका, पुसा, उन्हात घाला. फक्त एल्गॉनला ओले फडके लावू नका. त्याचा रंग चुकीचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो पुसायचे काम तिने सरांना दिले आहे.