कातडीखालचं चालणं

गल्लीच्या तोंडाशी मावशीचं एका खुर्चीचं पार्लर होतं. एक आरसा, एक खुर्ची, वाट बघणाऱ्यांसाठी भिंतीला लागून एक बाक, आणि मावशीचं तोंड. अर्ध्या बायका तर त्या तोंडासाठीच यायच्या. केस कापता कापता मावशी कुणाच्या नवऱ्याची नक्कल करायची, कुणाच्या साहेबिणीची करायची, आणि खुर्चीतली बाई हसून हलली की तिलाच दटावायची, "हलू नकोस गं, कान तुझाच आहे, माझं काय जातंय!"

नवरा लवकर गेला होता. याच खुर्चीच्या जोरावर तिनं मुलाला वाढवलं, शिकवलं, मार्गाला लावलं. पार्लरच्या मागच्या खोलीत ती राहायची, वरच्या दोन खोल्यांत मुलगा आणि सून. नात झाली तेव्हा मावशीनं पार्लर चक्क बंद ठेवलं आणि येईल त्याला बाळाचं नाक दाखवत बसली. नाक तिच्यावर गेलं होतं, असं तिचं म्हणणं. बाळाला अजून नाक म्हणावं असं काही नव्हतंच, पण तिच्यापुढे बोलणार कोण?

त्याच सुमाराला ते सुरू झालं.

एका बाईचे केस कापताना तिच्या पोटरीवरून काहीतरी वर चढलं. तिनं पाय झटकला. पुन्हा चढलं. वाकून पाहिलं तर काहीच नाही. मुंगी असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पण ते थांबेना. आधी एक पाय, मग दोन्ही, मग हात, आणि काही दिवसांनी डोक्यातसुद्धा. ही खाज नव्हती. खाज खाजवली की निदान घटकाभर थांबते. हे चालायचं. बारीक पायांनी, कातडीच्या आतून, कसलीच घाई नसल्यासारखं. अंग टेकलं की जास्त. डोळ्याला डोळा लागेना. सकाळी उठली की तिचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा दिसायचा.

पार्लरमध्ये तिचा हात सारखा डोक्याकडे जाऊ लागला. एकदा खुर्चीतल्या बाईनं आरशातून ते पाहिलं.

"मावशी, डोक्यात काही झालंय का हो?"

"काही नाही गं, घाम."

बाईनं केस अर्धवट सुकलेले असतानाच उठून पैसे दिले. पुढच्या आठवड्यात बाक अर्धा रिकामा. दुसऱ्यांच्या डोक्याला हात लावणाऱ्या बाईच्या डोक्यात उवा आहेत, ही बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

गल्लीतल्या डॉक्टरांनी तिच्या हातावरचे ओरखडे पाहिले आणि ती नीट बसायच्या आतच निदान केलं. "खरूज आहे. घरातल्या सगळ्यांनी मलम लावा, कपडे उकळा."

"डॉक्टर, पण पुरळ कुठे आहे? नुसतं चालतंय..."

"मलम लावा, थांबेल."

मग घरभर धांदल उडाली. गाद्या उन्हात गेल्या, चादरी उकळल्या, मुलगा आणि सून नखशिखांत मलम फासून एकमेकांकडे बघत बसले. बाळाच्या मऊ अंगाला मलम लावायची वेळ आली तेव्हा सुनेचे डोळे भरून आले, पण तिनं ते लावलं. एवढं करून मावशीच्या अंगावरचं चालणं जसंच्या तसं. औषध फवारणारा माणूस बोलावला. तो बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरला, कपाटामागे शिरला आणि हात झटकत बाहेर आला. "बाई, ढेकूण नाही, पिसू नाही, झुरळसुद्धा नाही. इतकं स्वच्छ घर असेल तर आमचा धंदा बसायचा."

मुलगा हसला. मावशी हसली नाही.

त्या संध्याकाळी ती बाळाला घ्यायला वर गेली तेव्हा सुनेनं बाळ खांद्याशी धरलं आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटेपर्यंत मीच घेत जाते हिला."

आवाज चढवला असता तर मावशीनं दोन शब्द सुनावले असते. पण सून इतक्या नरमाईनं बोलली की मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. "बरोबर आहे गं," म्हणून ती खाली आली आणि खुर्चीत बसून राहिली, गिऱ्हाईकासारखी, आरशासमोर.

मग तिला पुराव्याचा ध्यास लागला. कातडीवरून जे काही निघे ते ती चिमट्यानं उचलायची आणि क्रीमच्या रिकाम्या डबीत ठेवायची. डबी घेऊन ती मुलाबरोबर शहरातल्या मोठ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. त्यांनी डबी भिंगाखाली धरली.

"तुमचा व्यवसाय काय?"

"केस कापते."

"हे केसांचे तुकडे आहेत. हा धागा. ही कपची कातडीची, तुम्हीच नखानं काढलेली." त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि तिच्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "अंगावर काही नाही. यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या."

सल्ला तसा वाईट नव्हता, पण एखाद्याच्या अंगावर जुना कपडा भिरकवावा तसा तो दिला गेला. तिच्या पायांना त्यांनी हातही लावला नाही. डबी दिसली आणि त्यांचं ऐकणंच संपलं.

परतताना बसमध्ये ती मुलाला म्हणाली, "तुलाही वाटतं मी वेडी झालेय?"

"तसं नाही गं आई."

"मग कसं?"

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. जे उत्तर मिळायचं ते तिला मिळालं. त्यानंतर तिनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही आणि कुठल्याच डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही. विचारलं की अंगावर धावून जायची. जिच्या बोलण्यावर गल्ली हसायची तिच्या बोलण्याला घर घाबरू लागलं. चालताना तोल जायचा, जिना उतरताना भिंत धरावी लागायची. झोप नाही म्हणून होतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. जीभ चरचरायची, ती गरम चहामुळे. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एक कारण होतं, फक्त त्या चालण्याला नव्हतं.

शेवटी तिचा जीव मेटाकुटीला आला. एका दुपारी मुलगा कामावर गेलेला, सून वर बाळाला पाजत होती. मावशीनं बादलीभर पाणी कडकडीत तापवलं, फिनेलची बाटली त्यात उपडी केली आणि स्टुलावर बसून दोन्ही पाय आत सोडले. फडकं बुडवून हातांनाही चोळलं. हातांची अशी आग झाली की तिनं ओठ चावला. पण पाय बुडालेल्या जागी चालणं थांबल्यासारखं वाटत होतं. किती दिवसांनी! ती डोळे मिटून तशीच बसली. मेले असतील आता, असं पुटपुटत.

वास वरपर्यंत गेला तेव्हा सून धावत आली. तिनं बादलीत पाहिलं आणि किंचाळलीच. घोट्यांखालची कातडी लालबुंद होऊन फुगली होती, एका ठिकाणी सुटून आली होती. "आई, पाय बाहेर काढा! आधी बाहेर काढा!" तिनं नळाला नळी लावून हातापायांवर गार पाणी सोडलं, कितीतरी वेळ सोडलं. बाळ शेजारणीकडे दिलं आणि सासूला अक्षरशः उचलून रिक्षात घातलं.  सगळ्या वाटेत मावशीचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता, लाल झालेल्या जागेच्या जरा वर.

सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. इतक्या वेदनेतही मावशीच्या मनात आलं की हिच्या कपाळावरचे केस कुणीतरी वाकडे कापलेत.

जखमा धुता धुता डॉक्टरीण म्हणाली, "हे कशासाठी केलंत, मावशी?"

"किडे मारायला." मावशी छताकडे बघत म्हणाली. "बोला आता. वेडी आहे म्हणा."

 डॉक्टरिणीनं हात पाहिला, पाय पाहिला, पुन्हा हात पाहिला. "आग कुठे जास्त झाली?"

"हातांना. जीव गेला नुसता."

"आणि पायांना?"

मावशी आठवू लागली. "पायांना... बरं वाटत होतं."

डॉक्टरिणीनं धुणं थांबवलं. "हाताला नुसती लाली आहे, मावशी. पायाला फोड आलेत, कातडी गेलीय. आणि आग हाताला झाली?"

तिनं ट्रेमधून थरथर तपासायचा, दोन पायांचा एक लोखंडी चिमटा आणला, तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याचं बूड मावशीच्या मनगटाच्या हाडाला टेकवलं. "काय वाटतं?"

"थरथरतंय."

मग तोच चिमटा जिथे जखम नव्हती अशा घोट्याच्या हाडावर. "आता?"

"गार लागतंय."

"थरथर?"

"नाही." मावशीनं मान उचलली. "बंद पडलं का ते?"

"नाही. हे बघा." डॉक्टरिणीनं तो तिच्या कानाजवळ धरला. तो गुणगुणत होता.

इतका वेळ दाराशी उभी असलेली सून एकदम म्हणाली, "डॉक्टर, आईंची चप्पल चालता चालता पायातून निघून जाते. त्यांना कळत नाही. अनवाणीच पुढे जातात. मला वाटायचं लक्ष नाही त्यांचं."

मावशीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. आपल्याला टाळणारी ही पोर आपल्या पायांकडे बघत होती तर!

मग प्रश्नांवर प्रश्न आले. जीभ दुखते? तोल जातो? रोजची औषधं कुठली? मावशी म्हणाली, रोजची अशी काही नाहीत. सून म्हणाली, ॲसिडिटीची गोळी आहे की, माझं लग्न झाल्यापासून बघतेय, रोज सकाळी. मावशी म्हणाली, ते काय औषध आहे? डॉक्टरीण म्हणाली, हो, आहे. आणि रक्त काढून घेतलं.

अहवाल आला तेव्हा ती मावशीच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली. "तुमच्या रक्तात बी-बारा हे जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. अशानं नसांवरचं आवरण झिजतं. मग नसा खोट्या बातम्या पाठवतात. जिथे काही नाही तिथे चालतंय म्हणून सांगतात आणि जिथे भाजतंय तिथे गप्प बसतात. ॲसिडिटीच्या गोळीमुळे ते अंगात मुरत नसेल, पोटाचा दुसरा काही दोषही असेल, ते आपण शोधू. किडे नाहीत, मावशी. त्या बाबतीत तुमचं मन राखायला मी खोटं बोलणार नाही. पण चालतंय ते खरं आहे. ते तुम्ही मनानं रचलेलं नाही."

मावशीचा बांध फुटला. मुलगा कामावरून धावत आला होता, तो पायथ्याशी मान खाली घालून उभा राहिला.

"बरी होईन ना?" तिनं विचारलं.

"इंजेक्शनं आजपासूनच. बरंचसं जाईल. सगळं जाईल असं नाही सांगत, उशीर झालाय." डॉक्टरीण म्हणाली, "आणि आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटा. वेड्या आहात म्हणून नाही. इतके महिने झोप नसलेल्या माणसाला हातात फिनेल घ्यावंसं वाटतं, त्याचीही काळजी घ्यायला हवी."

मावशीनं नाक पुसलं. "जाईन. पण हा नको बरोबर. ही येईल," असं म्हणून तिनं सुनेकडे बोट दाखवलं.

बरं होणं काही सरळ झालं नाही. पहिल्या इंजेक्शनांनंतर चालणं उलट वाढलं आणि तिनं डॉक्टरिणीच्या नावानं बोटं मोडली. मग हळूहळू डोकं मोकळं झालं, हात मोकळे झाले. झोप परत आली. पायांचं मात्र सांगता येईना. चालणं कमी झालं, पण पायांची जाणीव पूर्ण परत आली नाही. पार्लर उघडलं, तेव्हा निम्म्या बायका आल्या. उरलेल्या दुसरीकडे जाऊ लागल्या होत्या आणि तिकडेच राहिल्या. मावशी आता केस कापताना खुर्चीची पाठ एका हातानं धरून उभी राहायची. नकला करायची, पण मध्येच गप्प व्हायची.

एकदा सून तिच्या पायाची पट्टी बदलत होती, तेव्हा मावशीनं विचारून टाकलं, "तुला माझी किळस यायची ना?"

सून कापसाचा बोळा हातात धरून बसली. नाही म्हणाली असती तर सोपं झालं असतं. "यायची," ती म्हणाली. "त्याहून भीती जास्त वाटायची. बाळाची."

"मला विचारायचंस तरी. काय होतंय, कसं होतंय."

"विचारलं की तुम्ही डबी दाखवायचात, आई. डबीपुढे मी काय बोलणार?"

 जिला कधी शब्दांची वाण पडली नव्हती ती मावशी नुसती आपल्या पायांकडे बघत राहिली. सुनेनं पट्टी बांधली, गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं. मग उठून वर गेली आणि बाळाला घेऊन आली.

"घ्या."

मावशीनं हात पुढे केले आणि आखडते घेतले. "उभ्यानं नको. माझ्या पायांचा भरवसा नाही." ती भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब सोडले. सुनेनं बाळाला तिच्या नडग्यांवर आडवं ठेवलं. बाळ तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघू लागलं, मग सरकत, वळवळत टाचा आपटू लागलं. टाचा गुडघ्याजवळ लागल्या की मावशीला कळायचं. खाली घोट्याकडे लागल्या की नुसत्या दिसायच्या.

सून बाजूलाच बसून होती. एक हात बाळाच्या जवळ ठेवून. मावशीनं तो पाहिला, पण काढ म्हणाली नाही.